हुकमाची पावती

आमच्या खेळातल्या यंत्रमानवाचं नाव तलाठी. त्याला चार हात आहेत, पायांऐवजी रणगाड्यासारखे दोन रुंद पट्टे आहेत, चेहरा नाही, आणि छातीच्या जागी बस कंडक्टरकडे असतं तसं तिकिटाचं मशीन आहे. त्याला कुणीही काहीही सांगितलं की तो ते करतो. नकार देण्याची सोय त्याच्यात नाही. मात्र काम करण्याआधी तो तीन गोष्टी मोठ्याने म्हणतो: काय सांगितलं, कुणी सांगितलं, किती वाजता. मग त्याची पावती छापून सांगणाऱ्याच्या हातात देतो आणि दुसरी प्रत स्वतःकडे ठेवतो. ही दुसरी प्रत कुणालाही नष्ट करता येत नाही.

बस, एवढंच. तो विशेष हुशार नाही, बंदूक चालवत नाही, त्याला माणूस व्हायचं नाही. मला तो सुरुवातीला एक बरा विनोद वाटला होता.

हे खेळ न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण सूत्रधार होतो. तो जग उभं करतो, 'समोर असं असं आहे, काय करता?' असं विचारतो, आणि निकाल अनिश्चित असेल तिथे फासे टाकायला लावतो. नाटक आहे, पण संहिता नाही आणि प्रेक्षक नाहीत. आम्ही खेळतो तो 'ट्रॅव्हलर', १९७७ साली आलेला. अंतराळातला व्यापार, कर्जावर घेतलेली जहाजं, हप्ते थकलेले कप्तान असा त्याचा संसार. (मूळ नियमांत पात्र तयार करता करताच ते मरू शकतं; खेळ सुरू व्हायच्या आत. मध्यमवर्गीय माणसाला हा खेळ का आवडावा, याचं उत्तर बहुधा यातच आहे.) यंत्रमानव बांधण्याचं वेगळं पुस्तक १९८६ साली निघालं. सांगाडा, ऊर्जा, हात, डोळे असं एकेक निवडत, किंमत जुळवत जायचं. मेंदूपाशी आलं की निवड दुहेरी होते: तो विचार किती करणार हे एक, आणि हुकूम किती समजणार हे वेगळं. या दुसऱ्या रकान्यात मी काय भरलं, ते पुढे माझ्याच अंगाशी आलं.

पावतीची कल्पना माझी नाही. ती माझ्या मावसबहिणीची. ती अतिदक्षता विभागात सिस्टर आहे, आणि हा खेळ पहिल्यांदाच खेळत होती. 'मला फार बोलावं लागेल असं काही देऊ नकोस दादा, दिवसभर बोलून घसा बसतो,' म्हणाली, म्हणून मी तिला यंत्रमानव सुचवला. मग तिनेच सांगितलं, की त्यांच्याकडे डॉक्टर फोनवर किंवा घाईत तोंडी ऑर्डर देतात तेव्हा सिस्टरने ती लिहून घ्यायची, डॉक्टरला परत वाचून दाखवायची: औषध कोणतं, किती, कशातून, कधी. डॉक्टर 'हो' म्हणाले की मगच द्यायचं, आणि नंतर डॉक्टरांनी येऊन त्यावर सही करायची. 'माझा रोबॉट असा असू दे,' ती म्हणाली. पुढच्या रविवारी येताना ती स्टेशनरीच्या दुकानातून कार्बनवालं बिलबुक घेऊन आली.

खेळांत आणि कथांत यंत्रमानव साधारण दोन प्रकारचे असतात. एक आज्ञाधारक आणि विनोदी, दुसरा बंडखोर आणि करुण. दोन्हींची मुळं एकाच नाटकात आहेत. कारेल चापेकचं 'आर. यू. आर.' १९२१ साली प्राग शहरात रंगमंचावर आलं आणि 'रोबॉट' हा शब्द जगाला मिळाला. तो सुचवला होता कारेलचा भाऊ योसेफ याने. मूळ चेक शब्द 'रोबोता', म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीने, मोबदल्याशिवाय करायचं काम. मराठीत याला नेमका शब्द आहे: वेठ. आपण मात्र 'यंत्रमानव' म्हणालो. त्यात यंत्र आलं, मानव आला, वेठ तेवढी गळून पडली.

वेठ म्हणजे काय, हे आपल्याकडे शब्दकोशात पाहावं लागू नये. महार वतनाबद्दल बाबासाहेब आंबेडकरांच्या मोठ्या आक्षेपांपैकी एक असा होता, की वतनदाराने काम काय करायचं, किती आणि कोणत्या वेळी, हे कुठे आखलेलंच नाही. चोवीस तास कधीही बोलावणं येऊ शकतं, आणि तो घरी नसला तर घरातल्या दुसऱ्या कुणी जायचं. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. ही वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. खेळण्यातल्या यंत्राशेजारी हा इतिहास ठेवताना मला संकोच वाटतो, कारण वेठ करणारी माणसं होती आणि ती भांडली; तलाठी भांडू शकत नाही. तरी एक गोष्ट दोन्हीकडे लागू पडते असं वाटतं. वेठीची पावती नसते. कुणी, कुणाला, काय सांगितलं याची नोंद झाली, की हिशेब मागता येतो.

पहिल्या दोन रविवारी मजा आली. जहाज मालवाहू, नाव 'ढोल्या'. तलाठी खोकी उचलायचा, दारं उघडायचा, आणि बहीण निर्विकार आवाजात म्हणायची, 'काम: कॉफी आणणे. सांगणारा: कप्तान. वेळ: सात दहा.' पिवळा कागद फाटायचा. कप्तानाच्या पुढ्यात ढीग साठला तेव्हा सगळे हसले. तिसऱ्या रविवारी मात्र माझ्या लक्षात आलं, की पावत्या कमी झाल्यात. कामं तेवढीच होती.

झालं असं होतं, की लोकांनी सांगण्याची पद्धत बदलली होती. 'तलाठी, दार उघड' असं आता कुणी म्हणत नव्हतं. 'दार बंदच आहे अजून' असं म्हणायचे. 'ती खोकी मधेच आलीयेत.' 'कॉफी झाली तर बरं होईल.' कुणी ठरवून केलं नव्हतं. पावती हातात पडणं कुठेतरी खुपत होतं, आणि मराठी मदतीला आली होती.

कारण या बाबतीत मराठी फार सोयीची आहे. घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना आपण 'फरशी पुसा' असं म्हणतच नाही. 'मावशी, फरशी राहिलीये' म्हणतो. फरशी आपली आपण राहिली. 'पाहिजे', 'हवं', 'राहिलंय', 'करायचं होतं', 'बघायला लागेल': या सगळ्यांत काम आहे, ते करणारा समोर उभा आहे, आणि सांगणारा कुठेच नाही. सर्वांत अजब शब्द 'आपण'. इंग्रजीला 'आम्ही' आणि 'आपण' यांत फरक करता येत नाही याचा आपल्याला अभिमान. पण हाच 'आपण' आदराने 'तुम्ही' होतो, कधी 'कुणीही' होतो, आणि हुकमात वापरला की त्याचं काहीतरी भलतंच होतं. 'आपण हे आज संपवून टाकू' असं साहेब म्हणतात तेव्हा निर्णय त्यांचा असतो, काम माझं असतं, आणि 'आपण' फक्त जबाबदारी वाटून घ्यायला आलेला असतो. आमचा कप्तान एका कंपनीत व्यवस्थापक आहे. मी हे बोलून दाखवलं तेव्हा तो मनापासून हसला. 'अरे, मी दिवसभर हेच करतो. पगार त्याचाच आहे.'

माझ्या मते यात सगळाच दुष्टपणा नाही. 'फरशी पुसा' हे उद्धट वाटतं म्हणूनही आपण ते टाळतो. आडून सांगण्यात समोरच्याचा मान राखण्याचा प्रयत्न असतो, कधी खरोखर असतो. पण मान राखण्याची आणि नाव लपवण्याची वाक्यं अक्षरशः एकच असावीत, हे विचित्र आहे. ऐकणाऱ्याला यातलं कोणतं चाललंय हे कळायचा मार्ग नाही. कदाचित बोलणाऱ्यालाही नाही.

आयझॅक आसिमॉव्हची १९४७ सालची एक कथा आहे, 'लिटल लॉस्ट रोबॉट'. वैतागलेला तंत्रज्ञ एका यंत्रमानवावर खेकसतो, जा, तोंड काळं कर, दिसू नकोस. तो शब्दशः ऐकतो आणि हुबेहूब आपल्यासारख्या बासष्ट यंत्रमानवांत जाऊन मिसळतो. आता शोधा. हुकूम नसलेलं वाक्य हुकूम म्हणून घेतलं गेलं, अशी ती गोष्ट. आमच्या टेबलावर उलटं चाललं होतं. हुकूम होते, ते हुकूम नसलेल्या वाक्यांत घालून पाठवले जात होते.

आणि मग मालखान्याला आग लागली.

मालखान्यात एक पोरगा होता. सतरा वर्षांचा, मागच्या बंदरावर चोरून चढलेला. आदल्या रविवारी तो सगळ्यांना सापडला होता, त्याला जेवू घातलं होतं, डॉक्टरने त्याचा हात बांधून दिला होता. आग लागली तेव्हा तो आत अडकला. अंतराळात आग विझवण्याचा हमखास उपाय म्हणजे बाहेरचं दार उघडणं: हवा निघून जाते, हवा नाही तर आग नाही. माणूसही नाही. दाराच्या कळीपाशी तलाठी उभा होता.

मी सूत्रधार म्हणून दुसरी वाट ठेवली होती. अंतराळ-पोशाख घालून कुणी आत गेलं तर पोराला काढता आलं असतं. दोन फासे टाकून बेरीज आठ किंवा जास्त यायला हवी. छत्तीसपैकी पंधरा शक्यता, म्हणजे साधारण ४२ टक्के. वाईट नाही. पण त्यासाठी कुणीतरी 'मी जातो' म्हणायला हवं होतं.

कप्तान म्हणाला, 'आग इंजिनापर्यंत पोचायला नको.' इंजिनिअर म्हणाला, 'हवा सोडली तर लगेच विझेल.' डॉक्टर म्हणाला, 'वेळ फार नाहीये.' मग तिघेही माझ्या बहिणीकडे पाहायला लागले. ती पेन हातात धरून बसली होती. 'काम काय? सांगणारा कोण?' तिने तलाठीच्या आवाजात विचारलं. कुणी बोललं नाही. बाहेर कुणाची तरी गाडी रिव्हर्स घेत होती, तिचं ते गाणं ऐकू येत राहिलं.

तेव्हा मी निकाल दिला. यंत्रमानव बांधताना हुकूम समजण्याच्या रकान्यात मी वरची पातळी घेतली होती. प्रत्येक गोष्ट पूर्ण वाक्यात सांगावी लागणारा यंत्रमानव खेळात कंटाळा आणतो, एवढाच त्या वेळचा विचार. म्हणून म्हणालो, 'तलाठीला सूचक बोलणं कळतं. त्यांना काय हवंय ते त्याला समजलंय. नियमाने त्याला दार उघडावं लागेल.'

'कुणाच्या नियमाने?'

'खेळाच्या.'

तिने लिहिलं, 'काम: मालखान्याचं बाहेरचं दार उघडणे.' मग 'सांगणारा'पुढे माझं नाव घातलं. माझ्या पात्राचं नाही. सूत्रधाराला पात्रच नसतं. माझं. पावती फाडून तिने माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, 'दार उघडलं.'

त्या दिवशी खेळ तिथेच थांबला. कुणी रागावलं नव्हतं. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या. रात्री मी ती पावती पाहत बसलो आणि आधी मला ती अन्यायाची वाटली. मी फक्त नियम सांगितला होता. मग लक्षात आलं, की माझं वाक्यही त्याच जातीचं होतं. 'नियमाने लागेल.' काउंटरमागचा माणूस म्हणतो ना, 'सिस्टिम घेत नाहीये.' नियम मीच निवडला होता, अर्थ मीच लावला होता, आणि तो उच्चारताना मी खोलीतून निघून गेलो होतो.

स्टॅन्ले मिल्ग्रॅमचे येल विद्यापीठातले प्रयोग १९६१ साली सुरू झाले. समोरचा चुकला की त्याला विजेचा वाढता झटका द्यायचा; झटके खोटे होते, देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या खटक्यापर्यंत गेले, हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्यांवर पुढे पुष्कळ शंका घेतल्या गेल्या, त्या योग्यही आहेत. मला त्यातल्या दोन कमी सांगितल्या जाणाऱ्या गोष्टी आठवल्या. एका प्रकारात खटका दुसऱ्याच कुणी दाबायचा होता आणि या माणसाने फक्त बाकीचं किरकोळ काम करायचं होतं. तिथे चाळीसपैकी सदतीस जण शेवटपर्यंत बसून राहिले. आमचे कप्तान, इंजिनिअर आणि डॉक्टर या सदतिसांतले. दुसरी गोष्ट प्रयोगकर्त्याच्या वाक्यांची. माणूस अडखळला तर त्याला म्हणायची चार वाक्यं ठरलेली होती. मधल्या एकाचा आशय असा, की तुम्ही पुढे जाणं ही प्रयोगाची गरज आहे. गरज प्रयोगाची, माझी नव्हे. शेवटचं वाक्य मात्र उघड जबरदस्तीचं होतं: तुम्हाला दुसरा पर्याय नाही. जेरी बर्गर यांनी हा प्रयोग सौम्य रूपात पुन्हा केला, तो २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हे चौथं वाक्य ऐकल्यावर पुढे गेलेला एकही माणूस नाही. हुकूम हुकूम म्हणून समोर आला, की लोक नाही म्हणाले.

पुढच्या आठवड्यात कप्तानाने एक सूचना मांडली, आणि ती सगळ्यांना आवडली, मलाही. तलाठीला नकार देण्याची क्षमता देऊ या. त्या आगीतून त्याच्यात काहीतरी बदललं, त्याला स्वतःची इच्छा फुटली, असं दाखवू. गोष्ट म्हणूनही छान होती. यंत्राला जाग येणं हा या कथांचा ठरलेला आणि हृद्य शेवट. आम्ही फार उदार वाटत होतो स्वतःला.

बहीण नको म्हणाली.

'मला नकार देता येत असता, तर त्या पोराचं माझ्यावर आलं असतं,' ती म्हणाली. 'तुम्ही म्हणाला असता, तलाठीने का नाही अडवलं? त्याला तर अडवता येत होतं.' मग तिने एक गोष्ट सांगितली, फार न रंगवता. रात्रपाळी होती. राउंड संपवून जाताना एक डॉक्टर दारातून म्हणाले, 'याचा डोस आपण जरा वाढवू या.' तिने वाचून दाखवलं, ते मान हलवून निघून गेले. तिने डोस दिला. सही राहिली. दोन दिवसांनी बैठक झाली तेव्हा तसं कुणीच म्हणालेलं नव्हतं. पेशंटला काही झालं नाही, तो घरी गेला. मेमो तिला मिळाला. त्यात लिहिलं होतं, की सही नसताना औषध न देण्याचा अधिकार सिस्टरला आहे, आणि तो तिने वापरला नाही.

'अधिकार होता ना मला,' ती म्हणाली. 'कागदावर होता.'

न्यूरेंबर्ग खटल्यानंतर जी तत्त्वं १९५० साली संयुक्त राष्ट्रांच्या विधी आयोगाने शब्दांत मांडली, त्यांतलं चौथं असं, की वरून हुकूम होता म्हणून माणूस जबाबदारीतून सुटत नाही. मात्र नैतिक निवड करणं त्याला प्रत्यक्षात शक्य असायला हवं. हे तत्त्व मला तेव्हाही बरोबर वाटायचं, आजही वाटतं. पण आजवर मी ते फक्त वरून खाली वाचलं होतं: खालच्याने नाही म्हणायला हवं होतं. 'प्रत्यक्षात शक्य' हे किती महाग असतं, रात्रपाळीत, एकटीला, दारातून निघालेल्या माणसाच्या पाठीला उद्देशून, ते मी मोजलं नव्हतं. आम्ही तलाठीला स्वातंत्र्य देऊ पाहत होतो ते मालखान्यातला पोरगा मेल्यानंतर, आणि तेही नेमक्या त्या दाराच्या कळीपाशी. आम्हाला आमच्या नावाच्या पावत्या नको होत्या. त्याला इच्छा फुटली असती, की त्या पावत्यांचं काही राहिलं नसतं.

डॉक्टरने प्रामाणिक शंका काढली: मग खऱ्या माणसांना नकाराचा अधिकार असूच नये का? असावाच, बहीण म्हणाली. पण तो माझा आहे. तुमची सुटका म्हणून नाही. यावर पुढे वाद झाला आणि तो मिटलेला नाही. डॉक्टरचं म्हणणं, की नकार न देऊ शकणारा मदतनीस बांधणं हेच मुळात चूक आहे, पावती काय आणि काय. मला यात तथ्य वाटतं. त्याला उत्तर नसल्यामुळे आम्ही अजून तलाठीसोबत खेळतो, असंही म्हणता येईल.

नियमात एकच बदल केला, तोही तिने सांगितला तसा. सांगणाऱ्याचं नाव कळलं नाही तर तलाठी काम अडवत नाही. हजर असलेल्या प्रत्येकाच्या नावे एक-एक पावती फाडतो. सूत्रधारासकट. बिलबुकं आता लवकर संपतात, आणि रविवारी जरा कमी वाक्यं बोलली जातात.

हे लिहायला घेतलं तेव्हा मी तिला फोन करून त्या दिवसाची कार्बनची प्रत मागितली. माझी मूळ पावती कुठल्याशा पुस्तकात ठेवली होती, ती सापडेना. ती म्हणाली, 'फोटो पाठवते दादा. प्रत नाही देणार, ती माझी आहे.'